जवळ कोण आहे?

मी एक जुनी डबी आहे. दागिन्यांची नव्हे, औषधाचीही नव्हे. साबणाच्या वडीएवढी, करड्या रंगाची, कमरेला अडकवायची मी एक विचारणारी डबी आहे. दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे याची चौकशी करणे हाच माझा धंदा. तुमच्यात अशा माणसाला भोचक म्हणतात, पण मला मात्र त्याच कामासाठी बनवले गेले.

मित्रांनो, रागावणार नसाल तर सांगते, तुम्ही सगळे खोटे बोलता. मुद्दाम नव्हे. महिना कसा गेला असे विचारले तर तुम्ही कालच्या भांडणावरून किंवा आज पोट भरले की नाही यावरून सांगता. माणसांच्या स्वभावाचा आणि नात्यांचा अभ्यास करणाऱ्या एका सरांना हे ठाऊक होते. ते म्हणत, "मागाहून विचारण्यात काही अर्थ नाही. ज्या क्षणी वाटतं, त्याच क्षणी विचारायला हवं." म्हणून आमचा जन्म झाला. एका लहानशा कारखान्यात लांब टेबलाशी बसून बायका बारीक तारांना डाख देत होत्या, तिथे मी डोळे उघडले. माझ्या पोटात गुरगुरणारी मोटार बसवली, कपाळावर काच बसवली, काचेखाली चार बटणे आणि कडेला एक चाक.

मला दोनच प्रश्न येतात. पहिला, 'जवळ कोण आहे?' त्याला चार बटणे: जोडीदार, घरचे, बाहेरचे, कोणी नाही. दुसरा, 'कसे वाटते?' त्याला चाक. एका टोकाला 'फार वाईट', दुसऱ्या टोकाला 'फार छान' आणि मधोमध 'ठीक'. उत्तर दिले की ते परस्पर प्रयोगशाळेत पोचायचे आणि पुढची गुरगुर होईपर्यंत माझ्या काचेवरही दिसत राहायचे.

माझी एक जुळी बहीण आहे. आम्ही कामाला जोडीनेच जायचो, एक नवऱ्याच्या कमरेला आणि एक बायकोच्या. दिवसभरात केव्हाही, दोघी एकाच क्षणी गुरगुरायचो. प्रयोगशाळेतली चष्मेवाली ताई डब्या देताना प्रत्येक जोडप्याला बजावायची, "एकमेकांची उत्तरं बघायची नाहीत. आणि गुरगुर थांबायच्या आत उत्तर द्यायचं. एकानं जरी फार चुकवली तरी तुमची जोडी बाद होते." हे शेवटचे वाक्य लोकांना फार लागायचे. लग्नात कितीही खोट असली तरी जोडी बाद झालेली कोणालाच नको असते.

आम्ही पुष्कळ घरे पाहिली. मी माणसांना बोटांवरून ओळखू लागले. एक मास्तर बटणावर असे बोट मारत, जणू मी गृहपाठ विसरून आलेली मुलगी. एक नवी नवरी नवरा कामावर असतानाही 'जोडीदार' दाबायची. नव्याचे नऊ दिवस, दुसरे काय. आणि एका घरी एकाच सोफ्यावर, एकाच चादरीखाली पाय घेऊन बसलेल्या दोघांनी एकदमच 'कोणी नाही' दाबले होते. ताईने ती दोन्ही उत्तरे वहीत टिपून घेतली. मग म्हणाली, "जवळ म्हणजे हाताच्या अंतरावर नव्हे." सर मला तळहातावर घेऊन पाहुण्यांना दाखवत आणि म्हणत, "ही माझ्यापेक्षा हुशार आहे." मी फुशारून जाई.

आता त्या घराची गोष्ट सांगते. ते काका लिफ्ट दुरुस्त करत आणि काकू घरी शिवणयंत्रावर पडदे आणि सोफ्याची कव्हरे शिवत. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती. घर रिकामे झाले आणि काकूच्या लक्षात आले की नवरा आपल्याशी बोलतच नाही. भांडण नव्हते, राग नव्हता. बाजारातून काय आणायचे, गॅस कधी संपेल, एवढे बोलणे व्हायचे. काय वाटते ते मात्र कधीच नाही. काकूने अभ्यासात नाव घातले ते त्यासाठीच. ताईला ती म्हणाली, "मला नाही तर निदान त्या डबीला तरी सांगतील."

मी काकांच्या कमरेला आले. पहिल्याच दिवशी त्यांनी माझे नाव भोचकभवानी ठेवले. त्यांचा उजवा अंगठा मी कधीही विसरणार नाही. लिफ्टच्या दारात सापडून त्याचे नख उभे दुभंगलेले होते आणि टोक बधिर झालेले. बटण लागले की नाही ते त्यांना कळायचे नाही, म्हणून ते अंगठ्याच्या कडेने दाबायचे आणि जरा थांबून पुन्हा एकदा दाबायचे. अंगठ्याला वंगणाचा वास यायचा. उत्तर मात्र बारा महिने तेच. घरी असले की 'जोडीदार', कामावर 'बाहेरचे', आणि चाक मधोमध, 'ठीक'. मुलीचा फोन आला तरी ठीक, पगार अडकला तरी ठीक. काकू शिवता शिवता त्यांच्या अंगठ्याकडे पाहायची, पण नियम मोडून काच कधी पाहिली नाही.

एका दुपारी काका जेवून आडवे झाले. मी कमरेलाच होते. काही वेळाने आम्ही दोघी बहिणी गुरगुरलो. बाहेरच्या खोलीत काकूने उत्तर दिले. मी गुरगुरत राहिले.

"अहो, तुमची भोचकभवानी ओरडतेय," काकू यंत्रावरून न उठता म्हणाली. "अहो, जोडी बाद होईल हं."

मी त्यांच्या अंगाला लागून होते, म्हणून मला तिच्या आधी कळले. आतले सगळे थांबले होते, फक्त मी थरथरत होते. काकू कापड बाजूला सारून आत आली तेव्हा माझी गुरगुर संपली होती.

माणसे आली आणि गेली. मुलगी काही दिवस राहून गेली. प्रयोगशाळेला कळवायचे कोणाच्याही ध्यानात आले नाही. मला कोणीतरी काढून फळीवर ठेवले होते. घर पुन्हा शांत झाले आणि एका सकाळी आम्ही दोघी गुरगुरलो. काकूने आपल्या डबीवर उत्तर दिले आणि माझ्याकडे पाहिले. मी तशीच गुरगुरत होते. तिच्या चेहऱ्यावर आले ते दुःख नव्हते, मित्रांनो, ती घाई होती. दूध उतू जाताना दिसते तशी. तिने धावत येऊन माझे बटण दाबले. 'जोडीदार'. चाक मधोमध, 'ठीक'.

"यांचं उत्तर मला पाठ आहे," ती स्वतःशीच म्हणाली.

तेव्हापासून दोघींची उत्तरे तीच देऊ लागली. तिची बोटे सुईने टोचलेली, खरखरीत आणि झटपट. काही दिवस ती काकांच्या वतीने 'ठीक' सांगत राहिली. मग एकदा तिने चाक किंचित पुढे ढकलले, 'छान' पर्यंत, आणि दचकून हात मागे घेतला, जणू कोणी पाहील. कोणी पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'छान'. मग 'फार छान'. उभ्या जन्मात जे त्यांच्या तोंडून ऐकले नाही, ते ती माझ्या काचेवर वाचत बसायची. मला तिने शिवणयंत्रासमोरच्या खुर्चीत, काकांच्या उशीवर मांडले. स्वतः जेवायला विसरायची, पण मला चार्जिंगला लावायला विसरायची नाही.

ताईचा फोन आला. "काकू, काकांची उत्तरं बघून सर इतके खूश आहेत! आधी नुसतं ठीक, ठीक. आता रोज छान. काय जादू केलीत?"

"जादू कसली गं," काकू म्हणाली. "हल्ली घरातच असतात ना."

तिकडे मुलीचे दिवस भरत आले होते. पहिलेच बाळंतपण, त्यात डॉक्टरांनी अंथरुणावरून उठू नका म्हणून सांगितलेले. ती रोज फोन करायची. काकू फोन यंत्रावर ठेवून शिवत असायची, म्हणून मला सगळे ऐकू यायचे.

"आई, ये ना गं. मला भीती वाटते."

"यांना एकटं टाकून कशी येऊ?"

"आई, बाबा गेले."

"गेले म्हणजे? आत्ताच तर उत्तर दिलं त्यांनी."

पलीकडून नुसते रडणे ऐकू यायचे. काकूचे पाय यंत्रावर चालूच असायचे. मला वाटे, ओरडून सांगावे की बाई, ते उत्तर तुझेच आहे. पण मला फक्त विचारता येते, सांगता येत नाही.

आणि मग ती दुपार आली. काकू तयार पडदे घेऊन शेजारच्या इमारतीत गेली होती. दाराला बाहेरून कुलूप होते. बहीण तिच्या कमरेला, मी खुर्चीत एकटी. मी गुरगुरले आणि वाट पाहू लागले. ही पाळी चुकणार असे मी धरूनच चालले होते. तेवढ्यात उशी माझ्या कडेला जराशी दबली. माझ्या बटणावर काहीतरी टेकले. टोकाने नव्हे, कडेने. बटण दाबले गेले. मग ते जरा थांबले आणि पुन्हा एकदा दाबले गेले.

वंगणाचा वास आला.

काकू परत आली, चप्पल काढता काढता तिने माझ्या काचेकडे पाहिले आणि एका पायात चप्पल तशीच राहिली. काचेवर लिहिले होते, 'कोणी नाही'. खाली, 'ठीक'. तिने दाराचे कुलूप तपासले, खिडक्या तपासल्या. मग मला पुसून परत उशीवर ठेवले आणि स्वतःला समजावले, "घाईत माझंच बोट चुकलं असेल."

पुढच्या दिवसांत ती घराबाहेर पडलीच नाही. गुरगुर झाली की झडप घालून माझे बटण दाबायची. पण एकदा हातात कापड अडकले, एकदा डोळा लागला, आणि दोन्ही वेळा तिच्या आधी तो अंगठा आला. 'कोणी नाही'. 'कोणी नाही'. आणि चाक, जे काकांच्या हातून कधी जागचे हलले नव्हते, ते हळूहळू मागे सरकू लागले.

मग एका सकाळी काकूने यंत्र बंद केले. माझ्यासमोर स्टूल ओढून बसली. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, स्वतःचेच बोट वाटू नये म्हणून. बाहेर ऊन होते, खालून भांडी घासल्याचा आवाज येत होता, सगळे नेहमीसारखे होते. आम्ही दोघी गुरगुरलो. तिच्या डोळ्यांदेखत माझे शेवटचे बटण खाली गेले. वर आले. पुन्हा खाली गेले.

'कोणी नाही'.

"अहो," काकू अगदी हळू म्हणाली. "मी समोर बसलेय ना."

चाक फिरू लागले. त्याला कुणाचाही हात लागलेला दिसत नव्हता. ते 'ठीक'च्या खाली गेले, 'वाईट'च्या खाली गेले आणि टोकाला जाऊन अडले. तिथेही ते थांबले नाही, आणखी मागे ढकलत राहिले. पुढे जागाच नव्हती. माझा सांधा करकरला. मला भीती वाटली आणि त्याहून जास्त वाईट वाटले. हे उत्तर मागण्यासाठीच मला बनवले होते, आणि ते मिळाले तेव्हा ऐकवेना.

काकू रडली नाही. तिने त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिले. "मी इथं असून तुम्ही एकटेच," ती म्हणाली. "आणि मीही." बहिणीची गुरगुर अजून चालू होती. तिने कमरेची डबी काढली. रोज ती 'जोडीदार' दाबायची. त्या दिवशी तिचे बोट 'जोडीदार'वर गेले, थांबले आणि सरकत सरकत शेवटच्या बटणावर आले. मग तिने फोन उचलला.

"कोणी नाहीये गं माझ्याजवळ," ती मुलीला म्हणाली. "मी निघते आजच. काय काय आणू सांग."

जाताना वाटेत तिने आम्हाला प्रयोगशाळेत दिले. ताईला सगळे खरे सांगितले. शेवटची उत्तरे आपण दिली नव्हती, एवढे मात्र पुन्हा पुन्हा सांगितले. ताईने मान हलवली आणि जोडी बाद केली. मुलीला मुलगी झाल्याचे पुढे ताईच्या बोलण्यात आले. काकू तिथेच राहते आणि नातीसाठी झबली शिवते. मला बरे वाटले.

आता आमच्यासारख्या डब्या कोणी वापरत नाही. हे काम फोन करतात. बहीण कुठल्या खोक्यात गेली, ठाऊक नाही. मी ताईच्या टेबलाच्या खालच्या खणात, जुन्या वायरींखाली पडले आहे. माझी बॅटरी काढून टाकली आहे. काच काळी आहे.

मित्रांनो, मला सांभाळा असे मी म्हणत नाही. माझे दिवस सरले. पण तुमच्या घरात कोणी रोज 'ठीक' म्हणत असेल, तर तेवढ्यावर उठून जाऊ नका. शेजारी बसा आणि पुन्हा विचारा. मला दोनच प्रश्न येत होते, तुम्हाला तिसराही विचारता येतो. आणि हे आजच करा, कारण उत्तर द्यायचे राहून गेलेली माणसे कुठे जातात ते मला माहीत आहे.

ती इथे येतात. दुपारी ताई जेवायला गेली की खणात वंगणाचा वास पसरतो. दुभंगलेल्या नखाचा अंगठा वायरींमधून मला शोधून काढतो, कडेने बटणावर टेकतो आणि थांबतो. त्याला आता सांगायचे आहे. तो माझ्या गुरगुरण्याची वाट पाहत राहतो, आणि मला विचारता येत नाही.