उतार परत देत नाही

हुमनाबादला वीस वर्षं पाइप जोडतोय मी, पण माझी पुरती जिरवली ती भाचीनं. तीही येळवशीला, शेतात पूजा करून जेवायच्या अमावास्येला, सतरा भाज्यांची भज्जी समोर असताना!

खजुरी गावच्या माळावर माझ्या थोरल्या बहिणीनं, कलाअक्कानं, साठ आंबे लावलेत. खालच्या बोअरचं पाणी ती रोज पहाटे डोक्यावरून वर न्यायची. मानेला पट्टा आला तरी थांबेना. मी शब्द दिला, "अक्का, येळवशीला पाणी वर. न्हाई आलं तर मी भज्जीला शिवणार न्हाई."

बोअरवर कंप्रेसर आहे. तो खाली हवा सोडतो, मग हवेबरोबर पाणी गचके खात वर येतं. तोच पाइप मी पुढं पाच बांधांवरून माळावर नेला. बोअरपासून माळाचा चढ तीस फूट, कंप्रेसरचा जोर बोअरच्या वर चाळीस फूट चढवण्याइतका. मला कसली काळजी?

अमावास्येला पाहुणे कडब्याच्या कोपीपाशी जमले. आत पांडव म्हणून पाच दगड मांडून पूजा झाली. मी ऐटीत कंप्रेसर चालू केला. पाइप चौथ्या बांधापर्यंत गुरगुरला नि गप झाला. पाहुणे हसले. अक्का घागर घेऊन निघाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अक्काची मंजुश्री कलबुर्गीला इंजिनियरिंग शिकते. ती पाइपाच्या कडेनं वाकून बघत आली.

"मामा, तुमी निस्त्या पाण्याचा हिशोब केलाव."

"मग काय दुधाचा करू?"

"ह्यात हवा बी हाय की. निस्तं पाणी असतं तर बांध चढताना गेलेला जोर उतरताना परत मिळाला असता. हितं उतारावर पाणी तळानं पळायलंय, वर सगळी हवा. उतार काय परत देत न्हाई. सगळे चढ मोजा."

तीस, आणि पाच बांधांचे चार-चार. पन्नास! नि जोर चाळीसच.

"बांध फोडू," मी म्हणालो.

"आज भुईची पूजा केली, अन् आजच कुदळ?" दाजी गुंडेराव खवळले.

"मग दोन बांधांमधला पाइप टेकू देऊन उचला, खाली उतरूच नये. एकच चढ झाला की तीस, पाइपात घासण्यात सहा जातील. चार फूट उरत्यात," मंजुश्री म्हणाली.

पण एवढे टेकू आणायचे कुठून? अक्का मागं फिरली आणि तिनं सरळ कोपीचीच पेंढी उपसली. "पांडव बसतील घटकाभर उन्हात. वनवासाची सवय हाय त्यान्ला."

मग काय, नवी लुगडी खोचून आत्या-मावश्या पेंढ्या वाहायला लागल्या. पाइप एका चढात आला. कंप्रेसर सुरू केला. पाइप दोनदा खोकला, आणि भकाभक पाणी आलं!

मंजुश्रीनं पाइपाचं तोंड हळूहळू वर उचललं. छातीपर्यंत पाणी येत होतं, खांद्याशी थांबलं. "चार फूट!" ती नखशिखांत भिजून ओरडली.

अक्का पहिल्या आंब्याच्या आळ्यात भरणारं पाणी बघत राहिली. मग तिथंच चिखलात फतकल मारून बसली आणि पोरीसारखी हसून मला म्हणाली,

"बळीराम, उद्या पाटंचं मला कुणी उठवू नगासा रे."