आधीचा फोटो

ठकीच्या केसांना रोज सकाळी पंचवीस मिनिटं लागत आणि तिची आई ती कधी चुकवत नसे. आई पार्लर चालवायची. दिवसभर परक्यांची डोकी हातात असायची, पण पहिलं डोकं लेकीचं. केस ओले करायचे, कंडिशनर लावायचा, बोटांनी गुंता सोडवायचा आणि एकेक बट बोटाला गुंडाळून अलगद सोडायची.

"वर्गातल्या पोरी मला घरटं म्हणतात," ठकी कुरकुरायची.

"म्हणू देत. जळतात मेल्या. अशा कुरळ्या केसांसाठी बायका जीव टाकतात."

आठ वर्षांच्या ठकीला हे आता कुठे पटायला लागलं होतं. या सोमवारी तर ती पहिल्यांदाच केस मोकळे सोडून शाळेत गेली. आईला दिवसभर आभाळ ठेंगणं झालं होतं.

शनिवारी अर्धी शाळा. दुपारी ठकी पार्लरच्या कोपऱ्यात स्टुलावर गृहपाठ करत बसली होती. काचेचं दार ढकलून एक बाई आत आली. सोबत तिची मुलगी, ठकीच्याच वर्गातली. तिचेही केस कुरळे, करकचून वेणीत बांधलेले.

"हे जंगल एकदाचं सपाट करून द्या," बाई म्हणाली. "पण होतं का हो नीट?"

"बघा की." आईने सवयीने अल्बम पुढे सरकवला. डाव्या पानावर 'आधी', उजव्या पानावर 'नंतर'. पहिलाच 'आधी' एका पिंजारलेल्या, पाठमोऱ्या डोक्याचा होता. वर्षापूर्वी खेळून आलेल्या ठकीचा, तिच्या नकळत काढलेला. समोरचे सरळ केस दुसऱ्याच कुणाचे. चेहरा दिसत नाही, मग कोण ओळखणार, असा आईचा हिशेब होता.

"ही ठकी आहे," मुलीने फोटोवर बोट ठेवलं. "हाच फ्रॉक तिने वाढदिवसाला घातला होता."

स्टुलावरची पेन्सिल थांबली.

"अय्या, तुमचीच लेक?" बाईने वळून ठकीला न्याहाळलं. "हिचे तर अजून तसेच आहेत! म्हणजे घरचीला हात लावायचा नाही, प्रयोग आमच्या पोरीवर?"

मला तिचे केस असेच आवडतात, एवढंच आईला म्हणायचं होतं. पण एरवी गजबजलेल्या पार्लरात या आठवड्यात खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं.

"छे हो, तिचेही करायचेच आहेत," आई हसून म्हणाली. "पुढच्या रविवारी. घरच्यांसाठी वेळच होत नाही बघा."

"मग आत्ताच करा. आम्ही बसतो. बघून ठरवतो."

ठकीने वही मिटली. अल्बमपाशी येऊन आधी डावं पान पाहिलं, मग उजवं. मग ती स्वतःच उंच खुर्चीवर चढून बसली.

"कर."

"ठके, आपण घरी बोलू."

"रविवारी करणारच आहेस ना? मग आज काय बिघडलं?"

"बघा, पोर कशी एका पायावर तयार आहे!" बाई म्हणाली.

आईने हातमोजे चढवले. केस सरळ करायच्या क्रीमचा वास नाकात चढणारा. ठकीच्या डोळ्यांतून पाणी आलं असतं तर आईने काम तिथेच थांबवलं असतं. वाट बघत ती लावत गेली. ठकी रडली नाही. वीस मिनिटांनी एक बट ताणून सोडायची असते. परत वर गेली तर अजून वेळ द्यायचा. आईने कानामागची बट ताणली, सोडली. ती जिथल्या तिथे लोंबत राहिली.

दुसरी मुलगी खुर्चीजवळ आली. "दुखतं का गं?"

"तुला नाही दुखणार," ठकी आरशात बघत म्हणाली. "तुझी आई तुला तोंडावर जंगल म्हणते ना."

बाई खो खो हसली आणि आपल्या पोरीची वेणी सोडायला लागली.