तुटलेल्या पाकळीची तारीख

“बहात्तर? छे, छे! बहात्तर कसं असेल हो?”

वाचनकक्षातल्या पाच-सहा माना एकदम वळल्या. एक्याऐंशी वर्षांचे आजोबा खुर्चीतून अर्धे उठले होते आणि डोळ्याला भिंग लावून एका पिवळ्या कागदावर इतके ओणवले होते, की नाक टेकायचंच बाकी होतं. शेजारी बसलेल्या मुलीने त्यांची बाही ओढली.

“बाबा, हळू. वाचनालय आहे हे, छापखाना नाही.”

“छापखान्यात कोण मोठ्याने बोलायचं? मशीनच्या खडखडाटात ऐकायला जायचं कुणाला?”

समोरचे कागद एका नाटक कंपनीचे होते. कंपनीचं स्वतःचं थिएटर होतं, महिन्याच्या पगारावरचे नट होते, आणि दर आठवड्याला नाटक बदलायचं. थिएटर बंद पडलं, इमारत विकली गेली आणि चोवीस खोकी या वाचनालयात येऊन पडली. कार्यक्रमपत्रिका, फाडलेली तिकिटं, भिंतीवरच्या जाहिराती, पत्रव्यवहार. आता त्यांचं प्रदर्शन भरणार होतं. त्याआधी जुन्या माणसांनी येऊन कागद ओळखावेत, असं वर्तमानपत्रात छापून आलं होतं. नट आले, वादक आले, आपापलं नाव शोधून त्यावर बोट फिरवून गेले. आजोबांचं नाव कुठेच नव्हतं. थिएटरमागच्या गल्लीतल्या छापखान्यात ते जुळारी होते. या पत्रिकांसाठी शिशाच्या अक्षराचा एकेक खिळा उचलून, उलटी अक्षरं ओळीत बसवून, बावीस वर्षं त्यांनी इतरांची नावं जुळवली होती.

खोक्यांची जबाबदारी ज्या बाईकडे होती ती टेबलापाशी आली. पस्तिशीची, नीटनेटकी, प्रत्येक कागद दोन बोटांनी उचलणारी.

“काय झालं, काका?”

“ही पत्रिका. कोपऱ्यात पेन्सिलीनं बहात्तर लिहिलंय. ही सदुसष्टची आहे.”

“तिच्यावर सालच नाहीये. ‘शनिवार, ता. ८ जुलै’ एवढंच आहे.”

“साल घालून काय करायचं? पुढच्या आठवड्यात रद्दीत जाणारा कागद तो!”

बाई हसली, पण मागे हटली नाही. “आठ जुलैला शनिवार सदुसष्टलाही होता आणि बहात्तरलाही. आमच्या तज्ज्ञांनी विचार करूनच ठरवलंय. या नाटकात दीपगृहवाल्याच्या बायकोचं काम पहिल्यांदा केलं कंपनीतल्या मोठ्या नटीनं, थोरल्या बाईंनी, एकोणसत्तरला. त्या कंपनी सोडून गेल्या आणि मग ते धाकट्या बाईंकडे आलं. या पत्रिकेत नाव धाकट्या बाईंचं आहे. म्हणजे नंतरचीच असणार.”

त्या कामाने थोरल्या बाईंचं नाव झालं होतं. त्यांची तसबीर थिएटरच्या दारात वीस वर्षं टांगलेली होती.

“धाकट्या बाई काय म्हणतात?” आजोबांनी विचारलं.

“त्या म्हणतात, आधी मीच केलं. सात प्रयोग झाले आणि नाटक बंद पडलं. दोनदा येऊन सांगून गेल्या. पण पुरावा नाही ना काही.”

“हातच्या कांकणाला आरसा कशाला? हा काय पुरावा!” आजोबांनी भिंग तिच्या हातात कोंबलं. “खालचा उजवा कोपरा बघा. वेलबुट्टीतलं फूल. पाकळ्या मोजा.”

“पाच.”

“आता थोरल्या बाईंची पत्रिका काढा. एकोणसत्तरची.”

तिने काढली, भिंग धरलं आणि तिच्या भुवया वर गेल्या. “चार! एक तुटलीय.”

“तुटली ती तुटलीच. फुलांचा एकच संच होता आमच्याकडे, आणि तसा नमुना पुन्हा कुणी ओतला नाही. छापखाना बंद होईस्तोवर तोच कोपरा वापरला. बहात्तरला पाचवी पाकळी आणणार कुठून?”

बाई हुशार होती. नुसत्या बोलण्यावर भुलणारी नव्हती. वर्तमानपत्रांवरून तारखा पक्क्या झालेल्या दहा पत्रिका तिने आणल्या, सालं आणि कोपरे चिठ्ठ्यांनी झाकले आणि टेबलावर पत्त्यांसारख्या पसरल्या. “लावा बघू ओळीने.”

आजोबांनी बाह्या सरसावल्या. ‘प्रवेश’मधला प्र झिजत कसा गेला, जाड अक्षरातला ‘अंक’ कधी वाकडा झाला, स्वस्तातली शाई कोणत्या वर्षी आली, असं स्वतःशी पुटपुटत त्यांनी भराभर नऊ पत्रिका रांगेत लावल्या. दहावी त्यांनी बाजूला सारली.

“ही आमची नव्हे. असला ढब्बू र आमच्याकडे नव्हताच.”

बाईने यादी ताडून पाहिली. नऊच्या नऊ बरोबर होत्या. दहावीपुढे लिहिलं होतं, ‘दौऱ्यात, परगावी छापून घेतलेली’.

“अय्या!” ती ओरडली, आणि या वेळी साऱ्या माना तिच्याकडे वळल्या.

त्या दिवसापासून आजोबा रोज सकाळी नऊच्या ठोक्याला वाचनालयाच्या पायरीवर हजर. दार उघडायचं दहाला. साल नसलेल्या तीनशे पत्रिका होत्या. आजोबा सांगायचे, बाई लिहून घ्यायची, मुलगी कामावरून सुटली की डबा घेऊन यायची आणि दोघांना जेवायची आठवण करायची. दहा वर्षांत बाबा इतकं बोलले नव्हते. एका पत्रिकेत नटाच्या नावाआधी ‘श्री’ दोनदा पडला होता. त्यावरून मालकांनी कशी हजेरी घेतली होती हे सांगताना ते इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं.

एकच गोष्ट बाईला सतावत होती. “काका, पाकळी तुटली कधी, याचा लेखी आधार हवा. नाहीतर तज्ज्ञ मला उडवून लावतील.”

“सदुसष्टच. माझी मुलगी जन्मली त्याआधी दोन महिने.”

“आणि तुटली कशी?”

“जुळवलेल्या खिळ्यांची चौकट पडली. मशीनवर चढवताना पडली,” आजोबा घाईने म्हणाले आणि पुढची पत्रिका ओढली.

चौथ्या दिवशी ते पायरीवर पोचले तर दार आधीच उघडं होतं. बाई धावतच बाहेर आली. “काका, सापडलं! पत्रव्यवहारात होतं! मी धाकट्या बाईंनाही फोन केलाय.”

धाकट्या बाई आत बसल्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, ताठ, हातातल्या रुमालाची पार सुरळी झालेली. मुलीलाही बोलावून घेतलं होतं. बाईने छापखान्याच्या मालकांचं पत्र उभं राहूनच वाचलं, “दोन सप्टेंबर एकोणीसशे सदुसष्ट. आजच्या पत्रिका दोन तास उशिरा पोचल्या, क्षमस्व. मशीनमनच्या निष्काळजीपणामुळे जुळवलेली चौकट पडून मजकूर विखुरला व वेलबुट्टीचा एक कोपरा मोडला. सदर इसमास आजच कामावरून कमी केले आहे.”

“म्हणजे पाच पाकळ्यांची पत्रिका दोन सप्टेंबरच्या आधीची!” बाई अक्षरशः नाचत होती. “आठ जुलै सदुसष्ट! थोरल्या बाईंच्या दोन वर्षं आधी!”

धाकट्या बाईंनी आजोबांचे दोन्ही हात धरले. “माझी नातवंडंसुद्धा म्हणायची, आजी, पुरे ती टेप. तुम्ही माझी अब्रू राखलीत हो!”

“हे पत्र पत्रिकेच्या शेजारीच लावू काचेत,” बाई म्हणाली.

आजोबांनी हात हळूच सोडवून घेतले.

“लावा,” ते म्हणाले. “पण त्यात एक खोटं आहे.”

धाकट्या बाईंचा चेहरा उतरला. ते पाहून आजोबा घाईने म्हणाले, “नाही, नाही, तारीख खरी आहे. तुमचं काही जात नाही. चौकट पडली ते खरं, पाकळी तुटली ते खरं. मशीनमनने पाडली, हे खोटं. मी पाडली.”

बाईने हातातलं पत्र टेबलावर ठेवलं.

“हातातून निसटली. मालक धावत आले, ‘कुणी पाडली?’ म्हणून ओरडले. मी म्हणालो, मशीनवर चढवताना पडली. बस. नाव कुणाचंच घेतलं नाही. पण मशीनवर चढवायचं काम त्याचं होतं ना. तो म्हणाला, मी हातसुद्धा लावला नव्हता. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बसून खिळे वेचत होतो. मान वर केलीच नाही.”

“बाबा,” मुलगी म्हणाली, “का पण?”

“तू व्हायची होतीस.” ते थांबले. “खरं कारण आहे ते. पण त्याच्याही घरी खाणारी तोंडं होतीच.”

बाईने लेखणी उचलली. “मग पत्राखाली काय लिहू, काका?”

आजोबांनी सांगितलं, तिने लिहिलं आणि कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी मुद्रित तपासावं तसा तो शब्दागणिक वाचला. ‘चौकट प्रत्यक्षात जुळाऱ्याच्या हातून पडली, त्याने अनवधानाने दोष मशीनमनवर जाऊ दिला.’

“अनवधानाने काढा.”

“राहू दे ना, काका. तेवढं जरा…”

“पडली ती अनवधानाने. बोललो ते नव्हे. काढा तो शब्द.”

तिने तो खोडला.

प्रदर्शनाच्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. धाकट्या बाई नातवंडांचा ताफा घेऊन आल्या आणि काचेतल्या पत्रिकेपुढून हलायलाच तयार होईनात. अनोळखी लोक त्यांच्या पाया पडत होते. आजोबा सकाळपासून भिंग घेऊन येईल त्याला पाकळ्या मोजायला लावत होते; घसा बसला तरी थांबत नव्हते. “पाच आल्या? आता इकडे. किती? चार! पाहिलंत?”

दुपारी पन्नाशीचा एक माणूस आला. बोटांना काळं ग्रीस, अंगावर धुतलेला सदरा. मुलीने आठवडाभर फोन फिरवून त्याचा पत्ता काढला होता. मशीनमन जाऊन बारा वर्षं झाली होती. हा त्याचा मुलगा, सायकली दुरुस्त करतो. आजोबांना त्याची ओळख करून द्यायची गरजच पडली नाही. नाक तेच होतं.

आजोबा पुढे झाले. “मी तो जुळारी,” एवढंच त्यांना म्हणता आलं. भिंग त्यांनी खिशात ठेवून दिलं.

माणसाने मान हलवली आणि काचेपाशी जाऊन पत्र वाचलं. मग खालची ओळ वाचली. मग पुन्हा पत्र, पुन्हा ती ओळ.

“बाबा शेवटपर्यंत सांगायचे, मी हात लावला नव्हता,” तो काचेकडे बघतच म्हणाला. “आम्ही म्हणायचो, असू दे हो आता, कशाला उगाळता. खरं सांगू? आम्हालाही वाटायचं, पाडली असेल यांनीच.”



माणसाने सदऱ्याला हात पुसून फोन काढला. “फोटो घेतला तर चालेल ना? आई आहे घरी. तिला वाचून दाखवतो.”

बाईने होकार दिला. त्याने फोन वर धरला, खाली घेतला, जरा वाकला, पण त्याला काचेतलं नीट दिसेना. आजोबांची सावली नेमकी त्या ओळीवर पडत होती. त्यांच्या ते ध्यानात आलं, आणि ते दोन पावलं बाजूला झाले.