कमरेतली माया

स्वप्नाली टेंडरचा कागद मोठ्याने वाचत होती आणि कमळाकर मशीनला तेल घालत ऐकत होता. मोरिवलीतल्या त्यांच्या घराची ओटी म्हणजेच त्यांचा कारखाना. तिथे शिलाईच्या मशिनी, कापडाचे गठ्ठे आणि भिंतीला टेकलेलं कटिंगचं टेबल. समोरच्या मशीनवर विठा बसलेली. विठा शेजारची. कमळाकरची बायको तुळशी होती तेव्हापासून ती इथे शिवायला येत होती.

"आश्रमशाळेतील मुलींसाठी गणवेश फ्रॉक," स्वप्नाली वाचत होती. "कापड अमुक, रंग तमुक... फ्रॉकच्या कमरेत आतून दहा सेंटिमीटर माया, म्हणजे दुमडलेले जादा कापड, ठेवावी. मुलीची उंची वाढल्यावर ती कापड न कापता व खूण न राहता सोडता आली पाहिजे."

ती थांबली. कमळाकरचा तेलाचा हातही थांबला.

विठा हसली. "सरकारला कवापासून माया आली गं?"

"मावशी, हे आईचं वाक्य आहे," स्वप्नाली म्हणाली.

खरंच तिचं होतं. कमळाकरची कंपनी बंद पडली आणि घरात चूल पेटली ती तुळशीच्या मशीनवर. आधी एमआयडीसीतल्या कामगारांच्या डांगऱ्या, मग शाळांचे गणवेश. पण शाळांचं काम जूनमध्ये संपायचं आणि मशिनी उपाशी बसायच्या. तुळशीच्या मनाने घेतलं, की सरकारी काम मिळवायचं. लघुउद्योगाची नोंदणी केली, नवीन आलेल्या व्हॅटचा नंबर काढला, शाळाशाळांतून मुख्याध्यापकांच्या मागे लागून अनुभवाचे दाखले आणले. धंदा तिने कमळाकरच्या नावावर ठेवला होता. "सही तुमची, शिवण माझी," म्हणायची. तो तिच्याबरोबर ठाण्याच्या सरकारी कचेरीत जायचा, बाकावर बसायचा आणि ती खिडकीशी भांडायची ते बघायचा. तेव्हा त्याला कंटाळा यायचा. आता तो बाक आठवला की पुन्हा तिथे जाऊन बसावंसं वाटायचं.

एकदा आश्रमशाळांच्या खात्याने लहानमोठ्या सगळ्या शिवणवाल्यांना बैठकीला बोलावलं होतं. मोठे लोक पुढे बसले. साहेबांनी विचारलं, कुणाची काही सूचना? तर मागून तुळशी उठली. पिशवीतून फ्रॉक काढला आणि म्हणाली, "साहेब, पोरगी वाढते, फ्रॉक नाही वाढत. आश्रमशाळेतली पोर दुसरा कुठून आणणार? कमरेत माया पाहिजे." पुढचे लोक हसले. एका कारकुनाने मात्र लिहून घेतलं. त्या वर्षीचं काम दुसऱ्यालाच गेलं. मग पुढचं वर्ष उजाडायच्या आत तुळशीला कावीळ झाली, आणि ती गेली.

"बाबा, हे टेंडर आपण भरायचंच," स्वप्नाली म्हणाली.

"भरू," कमळाकर म्हणाला.

कागदपत्रं स्वप्नालीने जमवली. अडलं ते फ्रॉकपाशी. टेंडरबरोबर नमुना द्यायचा होता, आणि कमरेतलं काम तुळशी कुणाच्या हाती देत नसे. बाह्या, कॉलर, पाठ विठा शिवायची, कमर तुळशीची. विठाने आता घडी घालून बघितली. बाहेरून फुगा दिसला. दुसऱ्यांदा फुगा गेला, पण उसवताना ब्लेड लागलं आणि कापडावर भोकांची रांग राहिली.

"मना नाय जमत," विठाने फ्रॉक टेबलावर टाकला. "ती कशी करायची, देव जाणे. बघू द्यायची नाय. बोलायची, विठे, तू तुजी कॉलर बघ."

तुळशीच्या हातचा एकच फ्रॉक घरात होता. बैठकीला नेलेला तोच. कपाटात तिच्या साड्यांच्या घडीत होता. कमळाकर कधीतरी कपाट उघडायचा, फ्रॉकच्या कमरेवरून बोट फिरवायचा आणि बंद करायचा. बाकीचं तिचं शिवलेलं सगळं कुठल्या कुठल्या पोरींच्या अंगावर गेलं होतं.

"बाबा, तोच नमुना देऊन टाकू," स्वप्नाली म्हणाली. "काम तर मिळेल."

दुसऱ्या दिवशी कमळाकर कापड बघायला उल्हासनगरला गेला तेव्हा त्याने सिंधी दुकानदार लालचंद सेठला विचारलं. तुळशी नेहमी याच दुकानातून कापड घ्यायची आणि दर वेळी त्याच्याशी भावावरून हुज्जत घालायची.

"सेठ, नमुना परत मिळतो का हो?"

"साईं, गव्हर्मेंटमध्ये गेलेली चीज परत येते का कधी?" लालचंद हसला. "सील मारून ठेवतात. मग तुमचा सगळा माल त्याच्याशी मिलवून बघतात. सॅम्पल भाभीका और माल किसी औरका, ऐसा नहीं चलेगा. सीधा ब्लॅकलिस्ट." मग त्याने आवाज खाली केला. "भाभी असती तर आत्ता माझ्याशी मीटरमागे भांडली असती. दुकान सूना लागतं, साईं."

कमळाकर गठ्ठा खांद्यावर घेऊन घरी आला. म्हणजे नुसता फ्रॉक देऊन भागणार नव्हतं. तसेच शिवता आले पाहिजेत. आणि कसे शिवायचे ते त्या एका फ्रॉकच्या पोटात होतं. उसवल्याशिवाय कळणार नव्हतं.

"मी उसवू देणार नाही," त्याने सांगून टाकलं.

"मग कसं करायचं, बाबा?"

"नको ते टेंडर. शाळांचं काम आहे ना."

स्वप्नाली आत निघून गेली. दोन-चार दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं. नमुना द्यायची तारीख जवळ आली. विठा गप्प बसणारी नव्हती. चहाचा कप त्याच्यापुढे ठेवत म्हणाली, "दादा, तू फराक सांभाल नि तिचा काम घालव. ती असती तं तुज्या हातातून हिसकून घेतला असता."

"ती असती तर फ्रॉकची गरजच काय होती?" कमळाकर म्हणाला.

विठा पदराने नाक पुसत मशीनवर जाऊन बसली.

दुपारी तो उठला. कपाट उघडलं आणि फ्रॉक आणून टेबलावर उलटा पसरला. "पण उसवणार मी," तो म्हणाला.

त्याने चष्मा लावला आणि ब्लेड घेतलं. एकेक टाका सावकाश काढायचा, असं त्याने ठरवलं होतं. तिने जितका वेळ घालून शिवलं तितकाच वेळ आपण घालू. संध्याकाळ होईल, होऊ दे. एवढा वेळ तरी तिच्या हातच्या कामात आपला हात राहील.

"थांब," विठा एकदम वाकली. "बलेड नको लावू. ह्या टोकाला बघ. दोरा सोडलाय तिनी."

कडेच्या शिवणीत खालच्या दोऱ्याचं एक टोक लपवलेलं होतं. तिथे दोरा जरा जाड होता. कमळाकरने ते टोक चिमटीत धरलं आणि ओढलं.

दोरा सुळकन आला. घडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठेही न अडकता. वरचे टाके आपोआप सुटले आणि फ्रॉक टेबलावर लांब झाला. कापडावर खूण नव्हती.

"अगं बाय!" विठा ओरडली. "वरचा तान ढिला केला नि टाका मोठा. खालचा दोरा सरल ठेवला. पोरीच्या आईला सुई-कातर कायच नको, नुसता ओढायचा! मी येवरी वर्सा बाजूला बसलू नि मना कलला नाय!"

स्वप्नाली टाळ्या वाजवत होती. विठा लगेच मशीनवर बसून ताणाची चकती फिरवायला लागली. कमळाकर दोरा हातात घेऊन उभा होता. त्याला वाटलं होतं, वेळ लागेल. तुळशीने तर ते चटकन सुटावं म्हणूनच शिवलं होतं.

विठाचा तिसरा फ्रॉक बरोबर जमला. तो आणि तसाच आणखी एक घेऊन कमळाकर ठाण्याला गेला. नमुने तपासायला नवीन मॅडम होत्या. बैठकीच्या वेळचे साहेब बदली होऊन गेले होते. टेबलाभोवती इतर शिवणवाले होते. एका मोठ्या कंपनीचा माणूस आपली माया सोडून दाखवत होता. त्याला कातर मागावी लागली आणि कापडाला चीर गेली.

कमळाकरची पाळी आली. मॅडमनी फ्रॉक उलटसुलट केला. "माया कुठे आहे? दिसत नाही."

"तो दोरा ओढा, मॅडम. तुम्हीच ओढा."

त्यांनी ओढला. फ्रॉक त्यांच्या हातात लांब झाला. मॅडम हसल्या. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, भोकं शोधली आणि मग शेजारच्या कारकुनाला दाखवला. कुणी हसण्यावारी नेलं नाही.

कमळाकर त्यांच्या तोंडाकडे बघत होता. हे तोंड तुळशीने बघायला पाहिजे होतं. तिने मग घरी जाऊन त्याची नक्कल केली असती. बाकावर कंटाळून बसलेल्या त्याला कोपर मारून म्हणाली असती, बघितलंत?

"नमुना पास," मॅडम कारकुनाला म्हणाल्या. "दुसरा द्या हो, हा उसवला. आणलाय ना?"

"आणलाय." त्याने पिशवीतून दुसरा काढून दिला. कारकुनाने त्यावर चिठ्ठी बांधून सील मारलं.

"डोकं कुणाचं हे?" मॅडमनी विचारलं.

"आमच्या मंडळींचं."

"अहो, मग त्यांना आणायचं ना बरोबर!"

मागचा माणूस आपला फ्रॉक पुढे सरकवत होता.

"हो," कमळाकर म्हणाला. "आणायचं होतं."