दुपारचा कोट

सिलिंडर उचलला आणि मोहापीच्या मनात पाल चुकचुकली. परवाच तर लावला होता, आणि आजच एवढा हलका? दिवसभर लोकांच्या घरी गॅसचे सिलिंडर पोचवणारा माणूस तो; त्याच्या हाताला फसवणं सोपं नव्हतं. त्यानं तो पुन्हा एकदा हलवून पाहिला, हीटरच्या मागे सरकवला आणि बायकोकडे वळला.

मा-थाकाने स्टोव्हवर मक्याच्या पिठाची घट्ट पापा घोटत होती. डोक्यावर लोकरीची टोपी, अंगाभोवती ब्लँकेट, छातीशी ते धरून ठेवणारी मोठी पिन, पायांत त्याचेच जुने मोजे. इकडं दक्षिणेत जुलै म्हणजे ऐन हिवाळा; त्या थंडीत मासेरूतली सगळीच माणसं घरात अशी गाठोड्यासारखी वावरतात. सिमेंटच्या विटांच्या त्या घरांत बाहेरच्यापेक्षा आतच गारठा जास्त.

"दिवसा हीटर लावतेस काय गं?" त्यानं विचारलं.

"थंडी असते."

"एकटीला?"

"एकटीला काय थंडी वाजत नाही?" ती म्हणाली आणि भांडं खाली उतरवलं.

बोलणं तिथंच संपलं, पण मोहापीच्या डोक्यातून गेलं नाही. पोरगी थाकाने रांगत होती तेव्हापासून मा-थाकाने, म्हणजे तिची आई, कपड्यांच्या कारखान्यात शिवायला जायची. या ईस्टरला कारखान्यानं तिची लाइनच बंद केली. पोरगी लग्न होऊन ब्लूमफाँटेनला. म्हणजे सकाळी त्याचा ट्रक निघाला की संध्याकाळी तो परत येईपर्यंत बाई घरात एकटी. तिनं एकटीनं एवढा गॅस जाळावा? बाई काटकसरीची. उरलेली पापासुद्धा दुसऱ्या दिवशी परतून खाणारी.

एकदा शंका शिरली की माणसाला जिथंतिथं खुणा दिसायला लागतात. मोहापीला कपाच्या कडेला लालसर डाग दिसला. त्यानं विचारलं, तर बीट खाल्लं होतं म्हणाली. घरात बीट आणल्याचं त्याला काही आठवेना. संध्याकाळी आत शिरताना स्टोव्हमधल्या रॉकेलच्या वासाखाली पावडरीचा मंद वास यायचा. रविवारी चर्चला जाताना यायचा तसाच. पण वार असायचा मंगळवार, नाहीतर बुधवार.

नवल म्हणजे, खाणीत होता तेव्हा हा संशय त्याच्या मनाला शिवला नव्हता. जोहान्सबर्गच्या पोटात जमिनीखाली उतरायचा, वर्षातून दोनदा घरी यायचा. बराकीतले सोबती आपापल्या बायकांविषयी नाही नाही ते बोलायचे, तेव्हा हा कुशीवर वळून झोपायचा. आता रोज घरी यायला लागला आणि झोप उडाली.

त्यात फोफोलोनं तेल ओतलं. फोफोलो म्हातारा, घरासमोरच रस्त्याच्या कडेला पत्र्याखाली बसून जोडे शिवायचा. येणारंजाणारं माणूस त्याला चेहऱ्याआधी पायांवरून कळायचं.

"न्ताते मोहापी," तो एका सकाळी म्हणाला. वडीलधाऱ्याशी बोलावं तसा मान देऊन, पण सुरात मध आणि मिरची एकत्र. "आपण बोलायचं नाही बरं का. पण तुमच्या घरी दुपारी टाचांचे बूट वाजतात."

"बायकोचे असतील."

"असतील की. मी कुठं पुरुषाचे म्हणतोय?" फोफोलोनं सुईत दोरा ओवला. "पण बाई टाचा घालते ती कुणीतरी बघावं म्हणूनच ना? पडदा तर ओढलेला असतो."

मोहापी ट्रकमध्ये चढला. ट्रक सुरू केला आणि त्या दिवशी दोन घरांचे सिलिंडर चुकीच्या दारांत उतरवून आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं ट्रक खाली चर्चपाशी लावला आणि चढण पायीच चढला. आवाज होऊ नये म्हणून फाटकाला हात न लावता कुंपणाच्या तुटक्या बाजूनं आत आला. खरंच टाचा वाजत होत्या. चार पावलं, मग खुर्ची सरकल्याचा आवाज. त्यानं हळूच किल्ली फिरवली आणि दार एकदम ढकललं.

ऊब अंगावर आली. खिडकीपाशी खुर्चीत मा-थाकाने बसली होती. त्यानं तिच्याकडे धड पाहिलंही नाही. तडक झोपायच्या खोलीत गेला. कपाटामागे पाहिलं, पलंगाखाली वाकून पाहिलं, मागचं दार उघडून परसातल्या पत्र्याच्या संडासात डोकावला. तिथं एक कोंबडी होती, ती ओरडत बाहेर पळाली.

परत आला तेव्हा दम लागला होता. खाणीनं छातीत भरलेली धूळ अशा वेळी हटकून जागी व्हायची. मग कुठं त्यानं बायकोकडे नीट पाहिलं.

तिच्या अंगावर बाटलीच्या रंगाचा हिरवा कोट होता. रुंद कॉलर, कमरेला पट्टा. गळ्यात रेशमी रुमाल, पायांत पातळ मोजे आणि पोरीच्या लग्नातले उंच बूट. केस विंचरून वर बांधलेले, ओठ रंगवलेले. समोर चहाचा कप. सबंध आयुष्यात त्यानं तिला अशी पाहिली नव्हती. ती सुंदर दिसत होती, आणि त्यामुळंच त्याचं डोकं आणखी फिरलं.

"हा कोट कुणी दिला?"

तिनं कप बाजूला सरकवला. तो पुढं झाला आणि कोटाच्या खिशात हात घालायला गेला. तशी ती उठून उभी राहिली. तिनं पाय जरा फाकवले, दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत आडवे केले, हनुवटी वर उचलली आणि त्याच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे पाहत राहिली.

"आधी उजवा खिसा बघा," ती शांतपणे म्हणाली. "कारखान्याच्या गेटवर झडती घेणाऱ्या आधी उजवाच बघायच्या."

तोवर त्याचा हात खिशात गेला होता. आत घडी न मोडलेला एक रुमाल होता. बाकी काही नाही. त्यानं हात बाहेर काढला, तरी ती तशीच उभी होती. "खाली कर गं हात," तो म्हणाला, तेव्हा तिनं हात खाली केले.

मग तिनं सांगितलं. रडली नाही, आवाज चढवला नाही. कोट बसथांब्याजवळच्या जुन्या कपड्यांच्या ढिगातला होता. परदेशातल्या लोकांनी टाकलेले कपडे गाठोडी बांधून येतात, त्यांतला. उपसता उपसता ही कॉलर हाताला लागली. तिच्याच लाइनवर शिवलेली. आपल्याच हातची असं ती म्हणत नव्हती, पण असेलही. इथून गेला, तिकडं कुणी वापरला आणि परत इथंच येऊन पडला.

"मग लपवायचं काय त्यात? घालून जा की चर्चला."

"आणि पहिली भेटेल ती विचारेल, कुठून आणलास? कारखान्यातून उचलला म्हणतील. आमच्यातल्या निम्म्याजणी चर्चला येतात. त्यांना ही कॉलर ओळखू येत नाही होय?" ती थांबली. "तुम्हीसुद्धा तेच विचारलंत."

मग आणखी एक गोष्ट बाहेर आली. बऱ्याच वर्षांपूर्वीची. कापडाचा एक गठ्ठा हरवला म्हणून सगळ्या लाइनला ऐन जूनच्या सकाळी अंगणात उभं केलं होतं, आतल्या परकरावर. जमिनीवर दहिवर गोठलेलं. गठ्ठा दुपारी दुसऱ्याच गोदामात सापडला. त्या पुन्हा मशीनवर बसल्या.

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही वर्षातून दोनदा यायचात. तेवढ्यात काय काय सांगायचं?"

मोहापी खुर्चीच्या काठावर टेकला. हीटर मंद आवाज करत होता. त्याला विचारायचं एकच उरलं होतं, आणि ते कसं विचारावं ते कळत नव्हतं. शेवटी म्हणाला, "पण घरात कशाला? एकटीच?"

कारखान्यात भिंतीवर एक मोठं चित्र लावलेलं होतं, ती म्हणाली. त्यात बाहेर बर्फ, आणि आत एक बाई असाच कोट घालून खिडकीशी बसलेली, हातात कप. "एवढी वर्षं मान वर केली की ती समोर. ती काही करत नव्हती हो. शिवत नव्हती, रांधत नव्हती, कुणाची वाट बघत होती असंही दिसत नव्हतं. घरात इतकं नटून माणूस नुसतं बसतं कसं, ते मला कधी कळलं नाही. म्हटलं, एकदा बसून बघावं."

"मग? कसं वाटलं?"

मा-थाकानेनं पट्टा सोडला, कोट उतरवला आणि नीट घडी घातली.

"तुम्ही येईपर्यंत बरं वाटत होतं," ती म्हणाली आणि ब्लँकेट गुंडाळून घेतलं.

त्या संध्याकाळी मोहापीनं भरलेला सिलिंडर आणून लावला. हीटर दिवसा लावत जा, असं तिच्याकडे न बघताच सांगितलं. पुढच्या रविवारी म्हणाला, कोट घाल, मी बरोबर आहे, बघू कोण काय बोलतंय ते. ती "बघू" म्हणाली आणि ब्लँकेटवरच चर्चला आली. नंतरच्या रविवारीही तेच. पलंगाखालच्या ट्रंकेत कोट असेल, हे त्याला ठाऊक होतं. ट्रंकेला कुलूप नव्हतं. तो रोज त्याच पलंगावर बसून बूट काढायचा, पण झाकणाला त्यानं कधी हात लावला नाही. आणि तो कोट त्याला पुन्हा कधी दिसलाही नाही.

ऑगस्टात मलोटीच्या डोंगरांवर बर्फ पडलं आणि वारा सुरीसारखा खाली उतरला. सिलिंडर लवकर संपले की मोहापी दुपारीच परतायचा. येताना फाटक मुद्दाम जोरात लोटायचा, दारापर्यंत जायचा, आणि किल्ली खिशात असून बोटांनी दार ठोठावायचा. मग दाराकडे पाठ करून, हात काखेत घालून, रस्त्याकडे बघत उभा राहायचा. कधी लगेच उघडायचं, कधी बराच वेळ लागायचा.

"न्ताते," फोफोलोनं एकदा पत्र्याखालून हाक मारली, "स्वतःच्याच घराचं दार ठोठावता?"

"आत माणूस आहे," मोहापी म्हणाला.

फोफोलोची सुई हवेतच थांबली. मोहापीनं आपल्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि तो वाट बघत उभा राहिला.