असुंताची तांब्याची घागर

मी एक जुनी घागर आहे. तांब्याची, दोन कानांची, कंबरेत बारीक. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या घरात मला सगळे छत्र्यांचं भांडं म्हणत. मित्रांनो, त्या नावाचा मला भारी राग येई.

माझं गाव मोंतेरूवो, इटलीतल्या एका डोंगरमाथ्यावरचं. गाव इतकं पुरातन, की रोमन लोक आले तेव्हा त्याचा तट आधीच उभा होता. बैलाएवढाले दगड, मध्ये ना चुना ना माती. रोमनांनी त्याला वेस बांधली, पुढच्यांनी चर्च बांधलं, भूकंपाने ते दोनदा पाडलं. तट काही हलला नाही. पाणी मात्र वेशीखालच्या झऱ्यावर, आणि गल्ल्या उभ्या चढाच्या, म्हणून ते बायकांच्या डोक्यावरून वर जाई. तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं आणि असुंताच्या लग्नात तिच्या आईने मला तिच्याबरोबर पाठवलं. झऱ्यावर मी भरेपर्यंत गावातल्या साऱ्या भानगडी मला कळायच्या. फार सुखाचे दिवस होते ते.

पुढे असुंताच्या नवऱ्याला बेडफर्डजवळच्या वीटभट्टीवर काम मिळालं आणि आम्ही इंग्लंडला आलो. इथे घरातच नळ. दारामागे ओल्या छत्र्या सांभाळता सांभाळता मी काळीठिक्कर पडले.

नवरा गेला, आणि २००६च्या उन्हाळ्यात मुलगा मार्को असुंताला लीड्सच्या आपल्या फ्लॅटवर न्यायला आला. आवराआवर करताना त्याने मला उचललं. "मम, हे कशाला? तिकडे जागाच नाही." असुंता कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मुलाला आपली अडचण नको, असं तिला वाटलं असावं. त्याने मला कचऱ्याच्या डब्यांशेजारी नेऊन ठेवलं. खरं सांगते, मला रडू आलं.

शेजारच्या नंदाकडे तिची आई, अलकाताई, पाटणहून आली होती.

"अगं नंदा, एवढी चांगली घागर चुकून बाहेर राहिलीये बघ त्यांची."

"आई, हात नको लावूस. थांब, मी विचारते."

अलकाताई कसल्या थांबतात. तांब्याची घागर कुणी टाकेल, हे त्यांच्या मनातच येईना. चिंच-मीठ लावून त्यांनी मला लख्ख घासलं आणि थेट असुंताच्या दारात नेऊन उभं केलं.

असुंताने मला लगेच ओळखलं. मग तिने स्वयंपाकघरातला टॉवेल घेतला, पिळला, गोल वळला आणि डोक्यावर ठेवला.

"अगंबाई, ही तर चुंबळ," अलकाताई म्हणाल्या. "आम्हीही अशीच करायचो."

असुंताने मला डोक्यावर चढवलं, हात सोडले आणि मान ताठ ठेवून बागेत चालू लागली. एरवी काठीशिवाय न हलणारी ही बाई. हा तट, ही वेस, इथे झरा, असं ती दाखवत होती आणि मार्को तिच्या मागून चालत होता.

"मम, तू हे मला कधी सांगितलंच नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

निघताना असुंताने ती चुंबळ अलकाताईंना दिली. मला मात्र सोडलं नाही. लीड्स येईपर्यंत मी तिच्या मांडीवर होते आणि मार्को गावाबद्दल एकेक विचारत होता.

मित्रांनो, घरातलं जुनं काही टाकायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा. मार्कोच्या फ्लॅटमध्ये खरंच जागा नाही. मी खिडकीत उन्हाला बसते, आणि छत्र्या दाराशी जमिनीवर पडलेल्या असतात.