मंगळवेढ्याहून आलेला डबा

हवालदाराने डबा टेबलावर उपडा केला. दोन कडक भाकरी घरंगळल्या, त्यांच्यामागून चिकटपट्टीत गुंडाळलेलं पुडकं पडलं आणि खोलीभर गांजाचा उग्र वास सुटला.

गुरुलिंग कंडक्टर तिकिटाचं मशीन पोटाशी धरून बाकावर बसला होता. मंगळवेढा-सोलापूर फेरीत बावीस वर्षं तो शिकायला राहिलेल्या पोरांचे डबे फुकट आणत होता. नियमात ते बसत नव्हतं, पण भाकरीला कसला आलाय नियम! डबा कुणाचा, हे विचारणं त्याला कोतेपणाचं वाटे. घ्या आता, उपकार अंगाशी आला.

"माल तुमच्या ताब्यात सापडलाय," चौकीचे साहेब म्हणाले. "माहीत नव्हतं, हे तुम्हीच सिद्ध करायचं. नाहीतर नोकरी जाईल, वर आत बसाल."

पुढच्या महिन्यात शिवानीचं, त्याच्या पोरीचं, लग्न होतं.

"काशम्मानं दिला, साहेब. स्टँडवर केळी विकती ती."

दुपारी काशम्माला जीपमधून आणलं. म्हातारी वाटभर रडत आली होती. गुरुलिंगला बघताच तिने डोळे पुसले.

"हा हितं हाय व्हय! मग मला कशाचं भ्या?"

तिनेही नावगाव विचारलं नव्हतं. एक तरणा माणूस आला, बहीण सोलापुरात शिकते म्हणाला आणि डबा ठेवून गेला. गाडी लागेपर्यंत तिने तो उन्हातून उचलून आपल्या सावलीत घेतला होता, एवढाच तिचा गुन्हा.

"डबा देताना ही काय म्हणाली?" साहेबांनी गुरुलिंगला विचारलं.

तो फरशीकडे बघत म्हणाला,

"उघडू नगं म्हणाली."

काशम्माने लगेच मान हलवली.

"म्हटलं की! आमटी सांडंल म्हणून. आत आमटी हाय, असं त्यो माणूसच बोलला हुता."

साहेबांनी 'उघडू नको' एवढंच लिहिलं आणि पूर्णविराम दिला. गुरुलिंगने ते वाचलं. तोंड उघडलं असतं तर दोन शब्दांचंच काम होतं. त्याने खाली सही केली. सहीसुद्धा नेहमीसारखी वळणदार आली मेल्याची.

काशम्माने अंगठा दिला. बोटाची शाई पदराला पुसत ती त्याच्याकडे झुकली.

"गुरुलिंगा, त्या पोरीला दुसरा डबा कुणी दिला का रं? उपाशी बसली आसंल की."